पोराला गाडी येते, म्हणजे नक्की काय येतं?

"पोराला गाडी येते का?" असं विचारलं की आपल्या भागातला बाप छाती पुढे काढून सांगतो, "अहो डॉक्टर, सातवीत होता तेव्हापासून चालवतो!" मग माझा दुसरा प्रश्न असतो, "शिकवली कोणी?" यावर बहुतेक वेळा हसू येतं. "त्यात शिकवायचं काय? आपोआप आली."

मित्रहो, आजचा लेख या "आपोआप"च्या विरोधात आहे.

आपण मुलांना पोहायला एकटं सोडत नाही. विहिरीत उतरवताना कमरेला दोर बांधतो, काठावर पोहणारा माणूस उभा करतो. क्रिकेटला कोच लावतो, गणिताला क्लास लावतो, तबल्याला गुरुजी शोधतो. पण सव्वाशे-दीडशे किलोचं, ताशी शंभराच्या पुढे पळणारं यंत्र हातात देताना शिक्षण किती? शेताच्या बांधावर चुलतभावाने दिलेली दहा मिनिटं. "हा क्लच, हा गियर, हळू सोड, रेस दे." गाडी बंद न पडता पुढे गेली की शिक्षण संपलं. चालवायची कशी एवढंच तो शिकला. थांबवायची कशी, वळवायची कशी, नजर कुठे ठेवायची आणि पडलो तर काय, हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

मग एके दिवशी भुसावळ रस्त्यावर समोर कुत्रं येतं, किंवा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर मागे दिवा नसलेली ट्रॉली अंधारात उभी असते, आणि न शिकवलेला धडा दोन सेकंदांत द्यावा लागतो.

दोन सेकंदांचा हिशेब

दोन सेकंद हा आकडा मी अंदाजे लिहिलेला नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिस भागात हॅरी हर्ट नावाच्या संशोधकाच्या चमूने सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांच्या जागी जाऊन एकेकाचा कसून तपास केला. १९८१ साली त्याचा अहवाल आला. धोका दिसल्यापासून धडक बसेपर्यंत चालवणाऱ्याला साधारण दोन सेकंदांपेक्षाही कमी वेळ मिळतो, असं त्यात दिसलं. एवढ्या वेळात विचार होत नाही. हातापायांना जी सवय लागली असेल तेवढंच होतं.

आणि सवय कोणती होती? त्याच अहवालात आहे: बहुतेकांनी मागचा ब्रेक करकचून दाबला, मागचं चाक घसरवलं आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही. अपघात झालेल्यांपैकी ९२ टक्के लोक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. म्हणजे "आपोआप" शिकलेले. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीची अमेरिका आणि आजचा यावल तालुका यांत रस्ते वेगळे, गाड्या वेगळ्या, पण शिकण्याची पद्धत तीच.

आपल्याकडे तर "पुढचा ब्रेक दाबू नको, उलटशील" हा मंत्र पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो. तो अर्धवट आहे, आणि अर्धवट असल्यामुळेच जीवघेणा आहे. ब्रेक मारला की गाडीचं आणि तुमचं वजन पुढे झुकतं. पुढचं चाक जमिनीवर घट्ट दाबलं जातं, मागचं हलकं होतं. हलकं झालेलं चाक गाडी काय थांबवणार? कोरड्या डांबरावर थांबण्याची बहुतेक ताकद पुढच्या चाकात असते. ताशी ६० किलोमीटर वेगाने सरळ जाणारी गाडी दोन्ही ब्रेक नीट वापरले तर साधारण २० मीटरमध्ये थांबू शकते. फक्त मागच्या ब्रेकवर तीच गाडी ४० मीटरच्या आसपास जाते. वर धोका ओळखून हात हलेपर्यंतच्या एका सेकंदात १७ मीटर संपलेले असतात, ते वेगळेच. या २० मीटरच्या फरकात कधी ट्रॉली असते, कधी शाळेतून येणारं पोर असतं.

पुढचा ब्रेक कधी घात करतो? वळणात गाडी कललेली असताना, वाळूवर, चिखलावर, किंवा झटक्याने आवळला तर. म्हणजे तो "वापरू नको" असं सांगायचं नसतं. "कसा आणि कुठे वापरायचा" हे शिकवायचं असतं. हा फरक शेजारचा चुलतभाऊ सांगू शकत नाही. मग कोण सांगू शकतो?

मातीत पडून-उठून शिकलेला माणूस

मोटोक्रॉस म्हणजे मातीच्या, उंचसखल, उड्या असलेल्या बंद मैदानावरची मोटरसायकल शर्यत. आता ती आपल्यापासून फार लांब राहिलेली नाही. पुण्यात सुपरक्रॉसच्या शर्यती होतात. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी २८ जानेवारी २०२४ रोजी पुण्यातच झाली. मोबाइलवर तिचे तुकडे पाहून इकडच्या पोरांचेही डोळे चमकतात.

या खेळातलं आपल्या देशातलं मोठं नाव म्हणजे बंगळुरूचे सी. एस. संतोष. मोटोक्रॉस-सुपरक्रॉसमध्ये अनेक राष्ट्रीय विजेतेपदं मिळवल्यावर ते वाळवंटातल्या लांब रॅलींकडे वळले. २०१५ साली डकार ही जगातली सर्वांत खडतर समजली जाणारी रॅली पूर्ण करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांचा क्रमांक होता ३६वा. पण मला त्यांच्या शर्यतींपेक्षा दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. कर्नाटकात कोलारजवळ त्यांनी 'बिग रॉक डर्ट पार्क' उभारलं आणि तिथे तरुणांना मातीत गाडी चालवायला शिकवायला सुरुवात केली. स्वतः वर्षानुवर्षं आपटून जे कमावलं, ते दुसऱ्याला आपटायच्या आधी द्यायचं, असं हे काम आहे. जगभर जुने रेसर हे करतात. इटलीत व्हॅलेंटिनो रॉसीने आपल्या गावाजवळ मातीचा ट्रॅक केला आणि तिथे देशातली तरुण पोरं घडवली.

अशा शाळांत पहिल्या दिवशी काय शिकवतात? पोरांना वाटतं, उडी मारायला शिकवतील. प्रत्यक्षात पहिला धडा असतो पेहरावाचा. हेल्मेट, घोट्याच्या वर जाणारे बूट, गुडघ्या-कोपरांची ढालं, हातमोजे. यातलं काही कमी असेल तर गाडीला हात लावू देत नाहीत. मग उभं कसं राहायचं, गुडघ्यांनी टाकी कशी धरायची, नजर कुठे ठेवायची. मग चालण्याच्या वेगात गोल-गोल फेऱ्या. मग थांबायचं, पुन्हा थांबायचं, पुन्हा थांबायचं. वेग सगळ्यांत शेवटी येतो.

ज्या माणसाने आयुष्य वेगात काढलं, तो शिष्याला आधी थांबायला शिकवतो. आणि ज्याला थांबताच येत नाही, तो आपला बाप नाहीतर दादा "रेस दे" म्हणून शिकवतो. उलटं आहे की नाही सांगा.

"डॉक्टर, हे रेसवाले तर पोरांना वेड लावतात!"

हा आक्षेप येणारच, म्हणून आधीच घेतो.

मोबाइलवरच्या रीलमध्ये पुढचं चाक उचलून भर रस्त्यात गाडी पळवणारा पोरगा आणि मोटोक्रॉसचा रेसर, या दोघांना तुम्ही एकाच माळेत ओवत असाल तर तो रेसरवर अन्याय आहे. शर्यतीच्या मैदानावर सगळ्या गाड्या एकाच दिशेने जातात. समोरून ट्रक येत नाही, बाजूला झाड नाही, विजेचा खांब नाही, मध्ये म्हैस येत नाही. कोणी पडला तर झेंडा दाखवून मागच्यांना सावध करायला माणूस उभा असतो, आणि रुग्णवाहिका आल्याशिवाय शर्यत सुरू होत नाही. आपल्या रस्त्यावर यातलं काय आहे? काहीच नाही. म्हणजे जास्त धोक्याच्या जागी आपली पोरं कमी तयारीने आणि अंगावर टी-शर्ट, पायात चप्पल घालून उतरतात.

"पण तो संतोषसुद्धा पडलाच ना?" पडले. जानेवारी २०२१ मध्ये सौदी अरेबियात डकारच्या चौथ्या टप्प्यात ते जोरात पडले. डोक्याला मार लागला. हेलिकॉप्टरने रियाधच्या रुग्णालयात नेलं, डॉक्टरांनी औषधं देऊन बेशुद्धावस्थेत ठेवलं. मेंदूला सूज येऊ नये, त्याला विश्रांती मिळावी म्हणून असं करतात. सगळा देश काळजीत होता. ते बरे होऊन परत आले.

या गोष्टीतून काही जण निष्कर्ष काढतात, "बघा, एवढा शिकलेला पडला, मग शिकून काय उपयोग?" मी नेमका उलटा निष्कर्ष काढतो. देशातला सर्वांत कसलेला माणूसही पडू शकतो, हे त्याला स्वतःला माहीत होतं. म्हणूनच त्याच्या डोक्यावर उत्तम हेल्मेट होतं, अंगावर कवच होतं, त्या वर्षीपासून डकारमध्ये दुचाकीस्वारांना सक्तीचं झालेलं एअरबॅग जॅकेट होतं, आणि मागे वैद्यकीय पथक होतं. आणि आपला पोरगा, ज्याला धड ब्रेक मारता येत नाही, तो म्हणतो, "मी पडत नसतो."

केळीला जपता, डोक्याला का नाही?

आपण केळीच्या पट्ट्यातली माणसं. घड बागेत असतानाच त्याला पिशवी चढवतो. कापणी झाली की खांद्यावरून अलगद आणतो. गाडीत भरताना खाली आणि मध्ये पाला घालतो, कारण फळाला डाग पडला तर व्यापारी भाव पाडतो. मऊ फळ आणि कडक पत्रा यांच्यामध्ये काहीतरी मऊ हवं, हे खानदेशातल्या शेतकऱ्याला मी शिकवायची गरज नाही.

हेल्मेट म्हणजे तोच पाला. त्याचं वरचं कवच मार पसरवतं आणि आतला जाड फोमचा थर दबून तो शोषतो. डोकं डांबरावर आपटतं तेव्हा ते काही मिलिमीटरमध्ये थांबतं. कवटीच्या आतला मेंदू मात्र लगेच थांबत नाही. तो हाडावर आपटतो, हिसका बसून आतले बारीक तंतू ताणले जातात, शिरा फाटतात. फोम दबतो म्हणजे तेच थांबणं दोन-तीन सेंटिमीटरवर पसरतं. थांबायला जास्त अंतर, म्हणून मार कमी. यात चमत्कार काही नाही.

"गावातल्या गावात कशाला हेल्मेट?" दीड मीटर उंचीवरून डोकं जमिनीवर आलं तर ते ताशी जवळजवळ २० किलोमीटर वेगाने आपटतं. गाडी उभी असली तरीही! कवटीला तडा जायला तेवढं पुरतं. आणि ताशी ६० ने भिंतीवर किंवा ट्रकवर जाणं म्हणजे सुमारे १४ मीटर, म्हणजे चार मजल्यांहून उंच गच्चीवरून उडी मारण्यासारखं आहे. हेल्मेट त्या उंचीवरून तुम्हाला वाचवेलच अशी हमी मी देणार नाही. पण न घातलेलं हेल्मेट काहीच करणार नाही, याची हमी देतो.

दुचाकीस्वाराने हेल्मेट का घालायचं, हे जगाला एका डॉक्टरने शिकवलं, हेही सांगतो. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये मोटरसायकलवरून जात होते. सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना ते पडले. डोक्यावर काही नव्हतं. सहा दिवसांनी गेले. उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. लॉरेन्स त्यांच्या हातून वाचले नाहीत. पण हा माणूस "दैवात होतं" म्हणून गप्प बसला नाही. पुढची काही वर्षं त्यांनी मोटरसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेल्यांचा अभ्यास केला, १९४१ साली हेल्मेटच्या बाजूने लेख लिहिला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराच्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं. आज सगळा पुरावा एकत्र केला तर हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असं दिसतं. मी ओपीडीत लिहून देतो त्यातली फार थोडी औषधं एवढी गुणकारी आहेत.

तरी आपलं हेल्मेट असतं आरशाला टांगलेलं, नाहीतर कोपरात अडकवलेलं. पोलीस दिसला की डोक्यावर, पुढे गेलं की पुन्हा आरशाला. जणू डोकं पोलिसाचं आहे! केंद्राच्या २०२२ च्या अहवालात देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली जवळजवळ ७५ हजार दुचाकीवरची. हेल्मेट घातलेलं नव्हतं अशी नोंद असलेले मृत्यू ५०,०२९. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले. त्या मागे बसलेल्यांत कोणाची बायको असेल, कोणाची आई, कोणाचा मित्र. आपल्याकडे तर मागे बसणाऱ्या बाईला हेल्मेट द्यायचं असतं हेच अनेकांना नवीन वाटतं.

शिकवणं म्हणजे सगळ्यावर औषध का?

नाही. आणि हे मी लपवणार नाही, कारण अर्धं खरं सांगणं ही जाहिरात झाली.

मोटरसायकल प्रशिक्षणावरच्या अभ्यासांचा मोठा आढावा २०१० साली घेतला गेला. प्रशिक्षणाने अपघात नक्की कमी होतात असं ठामपणे म्हणता येईल एवढा चांगला पुरावा त्यात मिळाला नाही. दुसरा धडा नॉर्वेचा. तिथे घसरड्या रस्त्यावर मोटार सावरण्याचं शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हा तरुण मुलांचे घसरून होणारे अपघात कमी व्हायच्या ऐवजी वाढलेले दिसले. का? "आता मला सावरता येतं" ही हवा डोक्यात गेली.

म्हणजे काय शिकवता, हे फार महत्त्वाचं आहे. करामत शिकवली तर माज वाढतो. मर्यादा शिकवली तर माणूस वाचतो. इथेच कसलेल्या, वय झालेल्या रेसरची किंमत कळते. पोरगं डॉक्टरचं ऐकत नाही, कारण डॉक्टर म्हणजे भीती घालणारा माणूस. बापाचं ऐकत नाही, कारण बाप स्वतः बिनहेल्मेटचा. पण ज्याने पन्नास फुटांची उडी मारली आहे, ज्याच्या खांद्यात प्लेट आहे, तो म्हणाला की "हेल्मेटचा पट्टा लाव, नाहीतर उतर खाली", तर तेच पोरगं निमूट पट्टा लावतं. हा मान आम्हा डॉक्टरांना शंभर भाषणं देऊन मिळत नाही. म्हणून माझं म्हणणं आहे की अशा माणसांना शर्यतीच्या बक्षीस समारंभाला बोलवून फेटा बांधण्यापेक्षा शाळा-कॉलेजच्या मैदानावर बोलवा.

मातीवर शिकण्याचा आणखी एक फायदा आपल्या भागाला आहेच. पावसाळ्यात ट्रॅक्टर शेतातून निघतो, त्याच्या चाकांची काळी माती डांबरावर पडते, आणि वरून एक सर आली की तिचं लोणी होतं. मनुदेवीच्या वाटेवर खडी असते, नदीकाठच्या रस्त्यांवर वाळू. आपले निम्मे रस्ते म्हणजे मोटोक्रॉसचाच ट्रॅक. अशा जागी गाडी पायाखाली थोडी हलते. शिकलेला माणूस हँडल सैल धरतो, आधीच वेग कमी करून येतो, ब्रेक हलक्या हाताने लावतो. न शिकलेला घाबरून हँडल आवळतो, पुढचा ब्रेक झटक्याने दाबतो आणि जमिनीवर येतो.

मैदानावर करायच्या पाच गोष्टी

अठरा पूर्ण, परवाना हातात, मैदान मोकळं, सोबत जाणता माणूस, अंगावर हेल्मेट-बूट-हातमोजे. एवढं असेल तरच पुढचं वाचा.

१. हळू चालवणं. क्लच अर्धा धरून माणसाच्या चालीने गोल आणि इंग्रजी आठचा आकडा. पाय न टेकता. वेगात गाडी आपसूक तोल धरते, खरी परीक्षा हळू चालवण्यात आहे.

२. नजर. जिकडे नजर तिकडे गाडी. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यातच जाल. जिथून बाहेर पडायचं आहे तिकडे बघायची सवय लावा.

३. ब्रेक. चुन्याच्या फक्कीने एक रेघ मारा. ताशी २०, मग ३० वेगाने सरळ येऊन रेघेवर ब्रेक सुरू करा. पुढचा ब्रेक लिंबू पिळावं तसा हळूहळू वाढवत, सोबत मागचा. किती पावलांवर थांबलात ते मोजा. पन्नास वेळा करा. पन्नासावा ब्रेक हातात बसतो, पहिला नाही.

४. उभं राहणं. गतिरोधक किंवा उंचवट्यावरून जाताना फूटरेस्टवर उभं राहून गुडघे वाकवा, टाकी गुडघ्यांनी धरा. दणका कण्याऐवजी मांड्या घेतात. कंबरदुखीची तक्रार घेऊन येणाऱ्या दुचाकीस्वारांना हा माझाही सल्ला असतो.

५. गाडी सोडून देणं. गाडी पडतेच आहे असं दिसलं की तिला वाचवायला जाऊ नका. पडताना हात ताठ करून टेकला की मनगट किंवा गळपट्टीचं हाड मोडतं, आणि गाडीखाली पाय सापडला की घोटा किंवा नडगी. जुने रेसर सांगतात, गाडीचे सुटे भाग दुकानात मिळतात. तुमचे नाहीत.

आता जबाबदारी कोणाची ते बोलू

बापांनो, दहावी पास झाल्याची गाडी ही भेट नाही. १८ वर्षांखालच्या मुलाला गियरची गाडी चालवायचा परवाना मिळतच नाही. १६ वर्षांनंतर फक्त ५० सीसीपर्यंतच्या गाडीला परवानगी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. पण कायदा सोडा. साठ हजारांचा मोबाइल देताना कव्हर घेता, लाखाची गाडी देताना हेल्मेट "फुकटात द्या" म्हणून घासाघीस करता. आयएसआय चिन्ह असलेलं, डोक्याला घट्ट बसणारं, हनुवटी झाकणारं हेल्मेट घ्या. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका, त्याचा फोम दबलेला असतो.

परवाना देणाऱ्यांनो, आठचा आकडा काढून घेता तसा एक जोरदार ब्रेकही मारायला लावा. गाडी विकणाऱ्यांनो, हार-पेढे देता, चावीचा फोटो काढता, त्यासोबत अर्धा तास मैदानावर ब्रेक शिकवायला माणूस द्या. कॉलेजांनो, स्नेहसंमेलनाला लाखभर खर्च होतो. वर्षातून दोन रविवार, एक मैदान, फक्कीची दोन पोती आणि शिकवायला एक कसलेला रायडर, एवढंच मागतो आहे.

आणि गावोगावच्या जुन्या रायडरांनो, तुम्हालाही सांगतो. तुमच्या पडण्याच्या गोष्टी पानटपरीवर वाया घालवू नका. त्या पोरांना सांगा, व्रण दाखवा, आणि मैदानावर उभे राहा.

कोणी पडलाच तर

१०८ ला फोन करा. बेशुद्ध माणसाला उचलून बसवू नका, पाणी पाजू नका, मान वाकवू नका, दोन माणसांच्या मध्ये गाडीवर बसवून नेऊ नका. श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढून काढायची घाई करू नका. काढावंच लागलं तर एकाने मान-डोकं सरळ धरायचं आणि दुसऱ्याने हळूहळू काढायचं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. मदत करणाऱ्याला पोलीस किंवा रुग्णालय अडकवू शकत नाही, तसं संरक्षण कायद्याने दिलं आहे.

आणि एक गोष्ट पाठ करा. डोक्यावर पडलेला माणूस उठून बसला, बोलला, "काही नाही झालं" म्हणाला, तरी धोका टळलेला नसतो. कवटीच्या आत हळूहळू रक्त साठत असू शकतं. वाढती डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, असंबद्ध बोलणं, न उतरणारी गुंगी, एका हातापायातली कमजोरी, फिट, कानानाकातून रक्त किंवा पाणी, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट न पाहता सिटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. "थकलाय, झोपू दे" या तीन शब्दांनी माणसं गेली आहेत.

वाचलेल्या माणसाबद्दल आपण म्हणतो, काळ आला होता पण वेळ आली नव्हती. बरं वाटतं म्हणायला. पण ब्रेक कुठे दाबायचा हे काळ ठरवत नाही, हेल्मेटचा पट्टा वेळ लावत नाही. ते शिकवावं लागतं, आणि ज्याला येतं त्यानेच शिकवावं लागतं. या रविवारी पोराला घेऊन मैदानावर जा, एक रेघ मारा आणि त्याला फक्त थांबून दाखवायला सांगा. त्याला गाडी येते की नाही, ते तुम्हाला तिथेच कळेल.